आवाज मोठा हवा की स्पष्ट?

रेडिओ केंद्रात बोलणाऱ्याचा आवाज जसाच्या तसा आपल्या संचापर्यंत येतो, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. मायक्रोफोन आणि प्रक्षेपक यांच्यामध्ये ऑडिओ प्रोसेसर नावाचे एक यंत्र बसलेले असते. आवाज फार हळू झाला की ते तो वाढवते, फार चढला की दाबते आणि मर्यादेबाहेर जाऊ पाहणारे लहरींचे शेंडे छाटते. हे यंत्र कसे लावले आहे, यावर केंद्र ऐकावेसे वाटते की नकोसे होते, हे बरेचसे ठरते. काही केंद्रे ते केवळ आवाज मोठा करण्यासाठी वापरतात. माझ्या मते हा त्या यंत्राचा दुरुपयोग आहे.

हे यंत्र मुळात हवेच कशाला? एफ.एम. प्रक्षेपणात आवाजाच्या चढउताराप्रमाणे वाहक लहरीची कंप्रता कमीजास्त होते. हा बदल मूळ कंप्रतेच्या दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्‌झपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही, असा संकेत आहे. मर्यादा ओलांडली तर श्रोत्याच्या संचात आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्रालाही उपद्रव होऊ शकतो. उलट, आवाज फार हळू ठेवला तर तो खरखरीत बुडतो. शिवाय श्रोता काही शांत खोलीत बसलेला नसतो. कोणी स्वयंपाकघरात, कोणी एस.टी.त, कोणी शेतात असतो. तेव्हा आवाजाला थोडा आवर घालणे आवश्यकच आहे. प्रश्न आहे तो किती, हा.

भारतातील सामुदायिक रेडिओ केंद्रांचे उदाहरण घेऊ. २००६ सालच्या धोरणात अशा केंद्रांसाठी साधारणपणे १०० वॉट प्रभावी शक्ती आणि ५ ते १० किलोमीटरचा पल्ला धरला आहे. शहरातील मोठ्या केंद्रांची शक्ती याच्या कितीतरी पट असते. साहजिकच छोट्या केंद्राला वाटते की, आपला आवाज मोठ्यांपुढे कमी पडू नये. पण येथे भौतिकशास्त्राचा एक साधा मुद्दा विसरला जातो. एफ.एम.मध्ये शक्ती वाढवली की पल्ला वाढतो; आवाज मोठा होत नाही. आवाज किती मोठा ऐकू येणार हे कंप्रतेतील बदलावर अवलंबून असते आणि ७५ किलोहर्ट्‌झची मर्यादा लहानमोठ्या सर्वांना सारखीच आहे.

मग काही केंद्रे इतरांपेक्षा मोठी का वाटतात? छत वर सरकवता येत नाही, म्हणून ती जमीन उचलतात! वर्गातील सगळ्या मुलांना कमीजास्त उंचीच्या स्टुलांवर उभे करून सर्वांची डोकी छताला टेकवली, तर वर्ग उंच दिसेल खरा. पण उंच कोण आणि बुटका कोण हे कळणार नाही. आवाजाचेही तसेच होते. गायकाने आलाप घेताना क्षणभर थांबावे आणि तेवढ्यात तंबोरा लाटेसारखा उसळून वर यावा! निवेदकाने श्वास घ्यावा आणि खोलीतील पंख्याची घरघर मोठी व्हावी! यंत्राला वाटते की आवाज पडला, म्हणून ते तो उचलते. विरामही अर्थपूर्ण असतो, हे त्याला कोठून कळणार?

तरीही हा मोह सुटत नाही, कारण आपला कानच आपल्याला फसवतो. शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एकच ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवावे. दुसऱ्या वेळी आवाज किंचित वाढवावा, पण ते मुलांना सांगू नये. कोणते चांगले, असे विचारल्यावर बहुतेक हात दुसऱ्यासाठी वर येतील. हाच फसवा कौल प्रोसेसरची कळ फिरवणाऱ्यालाही मिळत असतो. म्हणूनच २०१० साली युरोपीय प्रसारण संघाने शिफारस केली की, कार्यक्रमांची पातळी ठरवताना केवळ लहरींची शिखरे न पाहता कानाला जाणवणारा मोठेपणा मोजावा.

दुसरी गोष्ट दोष शोधण्याची. आवाज बिघडला की पहिला हात प्रोसेसरकडे जातो. तो शेवटी जावा. आवाजात ५० हर्ट्‌झची गुणगुण असेल तर दोष बहुधा अर्थिंगमध्ये किंवा तारेत असतो. प्रोसेसर तर शांत जागी ती गुणगुण आणखी वाढवून दाखवील. स्टिरिओच्या दोन वाहिन्यांपैकी एकीच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर साध्या एका स्पीकरच्या रेडिओवर दोन्ही लहरी एकमेकींना मारतात आणि निवेदकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. कोणतीही कळ फिरवून हा दोष जाणार नाही. तार सरळ जोडली की झाले.

‘स’ आणि ‘श’ फाटत असतील तर कारण वेगळे. खरखर कमी व्हावी म्हणून एफ.एम.मध्ये उच्च कंप्रतेचे स्वर प्रक्षेपणापूर्वी मुद्दाम वाढवतात आणि श्रोत्याच्या संचात तेवढेच उतरवतात. आपल्याकडील पद्धतीत १५ किलोहर्ट्‌झच्या स्वराची पातळी अशी जवळजवळ पाचपट होते. त्यामुळे ‘स’कार आणि टाळांचा नाद सर्वांत आधी मर्यादेला धडकतात. तेथे ‘आवाज खुलावा’ म्हणून तीव्र स्वर आणखी वाढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे. ते कमीच करायला हवेत.

म्हणून क्रम असा असावा: आधी मायक्रोफोन, मग तारा, मग मिक्सर, मग प्रोसेसर. प्रोसेसर तात्पुरता वगळून ऐकावे. दोष तरीही राहिला तर तो त्याच्या आधी किंवा नंतर आहे हे उघड झाले. एका वेळी एकच कळ फिरवावी, आधीचा आकडा वहीत लिहावा, आणि परीक्षा केंद्रातील भारी स्पीकरवर न घेता बाजारात मिळणाऱ्या साध्या रेडिओवर घ्यावी. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो. येथेही नियम तोच.

विद्यार्थीमित्रांनो, पिकावरील रोगाची माहिती किंवा पुराची सूचना श्रोत्याला नुसती मोठ्याने ऐकू येऊन भागत नाही. ती शब्दन्‌शब्द समजावी लागते. कान थकलेला श्रोता तक्रारीचे पत्र लिहीत बसत नाही. तो मुकाट्याने रेडिओ बंद करतो. त्या क्षणी केंद्राची सारी शक्ती, मग ती १०० वॉट असो की १० किलोवॉट, शून्यच ठरते.