साहेबांचा हुकूम!

२०२२ सालच्या सप्टेंबरात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला कोणी भामट्याने एक कोटी एक लाख रुपयांना गंडविले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्यासाठी त्याला ना भिंत फोडावी लागली, ना तिजोरी! कंपनीच्या एका संचालकाला व्हॉट्सॲपवर प्रमुख अदर पूनावाला ह्यांच्या नावाने संदेश आला; अमुक खात्यांत ताबडतोब पैसे भरा, असा त्यात हुकूम होता. हुकमाची तामिली झाली. पूनावाला ह्यांनी तसा संदेश पाठविलाच नव्हता, हे मागाहून उघडकीस आले.

ह्या विद्येला 'फिशिंग' म्हणतात. गळाला कधी बक्षिसाचे आमिष असते, कधी थकलेल्या बिलाचे. पण कचेरीत सर्वांत हमखास लागू पडणारे आमिष म्हणजे वरिष्ठांचे नाव. ऑस्ट्रियातील एफएसीसी ही विमानांचे भाग बनविणारी कंपनी. तिच्या हिशेबखात्याला मुख्याधिकाऱ्याच्या नावाने खोटी ईमेल आली आणि चार कोटींहून अधिक युरो कायमचे गेले. २०१६ साली संचालकांनी त्या खऱ्या मुख्याधिकाऱ्यालाच घरी बसविले!

असे काही घडले, की 'आमची माणसे अडाणी' म्हणून हात झटकणारे व्यवस्थापक आमच्या शहरात थोडे नाहीत. मग गुगल आणि फेसबुक ह्यांना काय म्हणावे? २०१३ ते २०१५ ह्या काळात लिथुआनियाच्या एका ठकाने त्यांना माल पुरविणाऱ्या तैवानी कंपनीच्या नावाने खोटी बिले पाठविली आणि दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उकळली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. संगणकाचे ज्ञान ज्यांच्याकडून जगाने घ्यावे, त्यांची ही कथा! तेव्हा अडाणीपणाची सबब आम्हांस मान्य नाही.

खरे दुखणे निराळेच आहे. आमच्या कचेऱ्यांत साहेबांना उलट विचारणे हा उद्धटपणा समजला जातो. 'साहेब, हा निरोप आपणच धाडलात ना?' असे विचारण्याची छाती किती हिशेबनिसांना होईल? 'मी बैठकीत आहे, फोन करू नका, काम तातडीचे आहे', एवढे भामट्याने लिहिले की पुरे. कारण खरे साहेबही नेमके असेच लिहीत असतात! इंग्रजी 'आर' आणि 'एन' ही अक्षरे शेजारी ठेवून 'एम'चा भास करणारा खोटा पत्ता डोळ्यांत तेल घालून पाहा, असे नोकरांना बजावण्यात येते. जरूर पाहावा. परंतु दिवसाला शंभर पत्रे उघडणाऱ्या माणसाचा डोळा एकदा तरी चुकणारच. वर्षातून एक व्याख्यान आणि लिफ्टशेजारी एक भित्तिपत्रक, एवढ्यावर ज्यांची जबाबदारी संपते त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे.

आणि डोळा चुकल्यानंतर काय? येथे तर क्षणाक्षणाचा हिशेब असतो. चोरलेला पैसा काही तासांत या खात्यातून त्या खात्यात पळतो. १९३० ह्या सरकारी क्रमांकावर तत्काळ तक्रार गेली, तर बँकांना उरलेली रक्कम अडविता येते. अशा हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत द्यावी, असे बंधन केंद्र सरकारच्या सर्ट-इन ह्या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्येच घातले आहे. पण ज्या कचेरीत चूक कबूल करणाऱ्याच्या हाती दुसऱ्या दिवशी नारळ ठेवला जातो, तेथील कारकून सहा तास काय, सहा दिवसही तोंड उघडणार नाही. तो संदेश पुसून टाकील आणि देवाचा धावा करीत बसेल. मालकाचा धाक अशा वेळी भामट्याचा पाठीराखा ठरतो, हे मालकांना कोणी सांगावयाचे?

आमची मागणी साधी आहे. ठरावीक रकमेवरील कोणतेही देणे दोन माणसांच्या संमतीवाचून सुटू नये. बँकखाते बदलल्याचे पुरवठादाराने कळविले, तर संदेशातील क्रमांकावर नव्हे, दप्तरी असलेल्या जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. हुकूम खुद्द साहेबांचा असला तरी तो त्यांच्याच तोंडून ऐकल्याखेरीज पैसा हलवू नये. आणि असे विचारणाऱ्यावर, किंवा चूक होताच धावत येऊन ती सांगणाऱ्यावर, कोणी डोळे वटारू नयेत. हा नियम प्रत्येक कचेरीत साहेबांनी स्वतःच्या सहीने काढावा, आणि तो खरोखर आपणच काढला आहे, हे हिशेबखात्यात समक्ष जाऊन सांगावे.