डिसेंबरात पाठवू नका

महिन्याभरात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची, ही टूम ख्रिस बेटीने १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात काढली; पुढच्या वर्षापासून तिचा महिना नोव्हेंबर ठरला. तिच्यामागची संस्था २०२५ मध्ये बंद झाली. हौस टिकून आहे.

मी एका प्रकाशनगृहासाठी हस्तलिखितं वाचते. डिसेंबर उजाडला की असे खर्डे येतात, सोबत ‘महिन्याभरात लिहिली’ असं पत्र. अभिमान रास्त आहे, पण मला कळवू नका.

स्टीफन किंग खर्डा किमान सहा आठवडे बाजूला ठेवायला सांगतो. ऐका त्याचं. मग छापून काढा, मोठ्यानं वाचा. शब्दसंख्या गाठायला घुसडलेलं स्वप्न, पानभर लांबलेला चहा, दोनदा मेलेले काका, सगळं कानाला टोचतं. पहिलं प्रकरण बहुधा उडवावंच लागतं. लेखक तिथे नुसता घसा खाकरत असतो. शुद्धलेखन शेवटी. जी पानं जाणारच, त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ कशाला सुधारायचे?

एरिन मॉर्गनस्टर्नची ‘द नाइट सर्कस’ अशाच नोव्हेंबरी लेखनातून निघाली. ती छापून आली २०११ मध्ये, बरीच वर्षं पुनर्लेखन करून. तुम्ही निदान मे महिना तरी उजाडू द्या. आणि काका नेमके कधी वारले, ते आधी ठरवा.