आवाज कुणाचा?

ज्याला आवाज ऐकता येत नाही त्यानं पान्याला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी आजवर अनेकांना ऐकवलं. नीट कुणीच ऐकलं नाही. तेव्हा आता लिहूनच टाकतो.

माझा अधिकार काय, असं विचाराल तर मी ३० वर्षं एस.टी.च्या डेपोत काढली. खोटं कशाला बोला, हिशेब खात्यात काढली. पण आमच्या खात्याची खिडकी वर्कशॉपकडे उघडायची. तिथले मिस्त्री चहाचा कप खाली न ठेवता ड्रायव्हरला तीनच प्रश्न विचारायचे. आवाज कधी येतो? किती वेळ राहतो? आणि तो येतो तेव्हा गाडी ओढते की रडते? उत्तरं मिळेपर्यंत पाना भिंतीवर.

आता आमचे चिरंजीव असतात अमेरिकेत, कोलोरॅडोत. त्यांनी डिझेलवर चालणारी भलीमोठी पिकप घेतली आहे. आपल्याकडे पिकप म्हणजे कोबी-फ्लॉवर घेऊन मार्केट यार्डात जाणारी गाडी. तिकडे इंजिनियर लोक ती भाजी आणायला नेतात. म्हणजे फिरून कोबी-फ्लॉवर आलंच.

या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक आहे. उतारावर धुराची वाट आवळायची, म्हणजे इंजिनाला स्वतःचाच श्वास जोर लावून बाहेर ढकलावा लागतो आणि गाडी आवरते. चाकाचे ब्रेक तापत नाहीत. हे साधन चैनीचं नव्हे. १९३१ साली क्लेसी कमिन्स नावाचे इंजिनवाले गृहस्थ कॅलिफोर्नियात कहोन घाट उतरत असताना त्यांच्या ट्रकचे ब्रेक गेले, आणि पायथ्याशी रुळांवरून मालगाडी चाललेली. थोडक्यात वाचले. पुढे त्यांनी इंजिनालाच ब्रेक करायला लावणारी दुसरी एक युक्ती शोधली, ती १९६१ साली बाजारात आली. बोरघाटात तापलेल्या ब्रेकचा वास ज्यानं घेतला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

तर जानेवारीतल्या एका सकाळी, बाहेर बर्फ, चिरंजीवांनी गाडी सुरू केली आणि थोड्याच वेळात आतून 'घूऽऽस्स' असा आवाज आला. हुबेहूब एक्झॉस्ट ब्रेकचा! गाडी उभी, ब्रेकचं बटण बंद, आणि आवाज मात्र चालू. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, हिला दमा झालाय."

सर्व्हिसवाल्यांनी गाडीला संगणक जोडला. संगणकानं कसलीही तक्रार सांगितली नाही. तरी निदान झालं: टर्बो बदला. खर्च ४ हजार डॉलर. मी सवयीनं रुपयांत गुणाकार करायला घेतला आणि सूनबाईंनी मला खुर्ची दिली. शेजारी त्याहून थोर. म्हणाला, "ती ब्रेकची भानगडच बंद करून टाक, आवाज आपोआप जाईल." मूल रडतं म्हणून तोंडात बोळा!

मी हिशेबनीस. वही काढली आणि सात दिवस नोंदी केल्या. आवाज फक्त थंड इंजिनाला, गाडी उभी असताना. गियर टाकून निघालं की बंद. इंजिन तापलं की बंद. ११,००० फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्याचा चढ गाडी निमूटपणे चढली. म्हणजे ओढते, रडत नाही.

मग गाडीची माहितीपुस्तिका वाचली, जी घेतल्यापासून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आली नव्हती. उभ्या उभ्या डिझेल इंजिन लवकर तापत नाही. म्हणून कडक थंडीत टर्बोमधली पाती आपोआप मिटतात, इंजिनावर ओझं पडतं आणि ते तापतं. उतारावर ब्रेक लावतात तीही हीच पाती. एकच गळा, रागावतो तेव्हाही तोच आणि खाकरतो तेव्हाही तोच! धुराच्या गाळणीत साठलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळून टाकते, तेव्हाही इंजिनाचा सूर असाच बदलतो.

याचा अर्थ कान बंद करून बसा असा नव्हे. इंजिन तापलं तरी आवाज हटत नाही, ओढ कमी झाली, काळा धूर निघतो, दिवा पेटला, किंवा उतारावर ब्रेक धरतच नाही, तर पाती काजळीनं अडकली असतील नाहीतर त्यांना हलवणारं यंत्र गेलं असेल. मग मात्र घाट उतरायच्या आधी गाडी दाखवा.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, इथे मजुरी महाग. शोधत बसण्यापेक्षा भाग बदलणं स्वस्त पडतं." पडतं ना, भाग बिघडलेला असेल तर! धडधाकट टर्बो काढून नवा बसवला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी 'घूऽऽस्स' पुन्हा दारात उभाच. तोही नव्या टर्बोतून, अधिक जोमानं. आणि शेजाऱ्याचं ऐकलं असतं, तर आवाज खरोखरच गेला असता. पण त्याच डोंगरावरून उतरताना आमची नातवंडं मागच्या सीटवर असतात. संगणक खोटं बोलत नाही हे मला मान्य. पण इथं तर तो गप्प होता, आणि त्याच्या वतीनं माणसंच बोलत होती! माझं भांडण आहे ते न विचारता कापणाऱ्याशी आणि न ऐकता गप्प करणाऱ्याशी. गाडी असो की माणूस, दोघांचाही धंदा तेजीत आहे.

हा लेख मी आमच्या हिला मोठ्यानं वाचून दाखवला. शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "तीन वर्षं माझा गुडघा वाजतोय. तेव्हा नाही विचारलंत, कधी वाजतो म्हणून."

मी मुकाट्यानं वही काढली.