पावडर विकता, मग तपासणीची डबीही विका

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातल्या इंझोरी गावाचे नाव घेऊन आम्ही पोहण्याच्या तलावातील पाण्याबद्दल लिहू लागलो, तर काही वाचकांना हसू येईल. खेड्यात कसला आला तलाव? परंतु वऱ्हाडातली पोरे पोहायला शिकली ती विहिरीतच. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा आणि काकाने वरून ढकलून द्यायचे, हीच शाळा. त्या विहिरीत ग्रामपंचायतीचा माणूस जी पांढरी पावडर टाकतो, तीच थोड्याफार फरकाने शहरातल्या तलावातही पडते. तेव्हा विषय इंझोरीचाही आहे आणि शहराचाही आहे.

आता तर भाड्याच्या तलावांचा धंदाच उभा राहिला आहे. लॉन, मंगल कार्यालय, शेतावरचे फार्महाऊस, जिथे पाहावे तिथे निळ्या फरशीचा एक हौद असतो आणि उन्हाळ्यात तो दिवसाच्या भाड्याने दिला जातो. धंदा चांगला आहे, तरुणांनी जरूर करावा. पण गेल्या उन्हाळ्यात अशाच एका ठिकाणाहून आमच्या घरची मुले लाल डोळे घेऊन परतली. मालकांना विचारले तर म्हणाले, "क्लोरीन जास्त झाले, वास येत नाही का?" आम्ही विचारले, किती होते? त्याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. मोजलेच नव्हते!

खरी गोष्ट बहुतेक वेळा उलटी असते. तलावाला जो उग्र वास येतो तो मोकळ्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे क्लोरामाईन तयार होते, त्याचा तो वास. डोळे तेच झोंबवते. म्हणजे वास आला की क्लोरीन जास्त झाले असे समजणारा मालक पावडर कमी करतो आणि पाणी आणखी बिघडवतो. नाकाने केलेल्या तपासणीचा हा परिणाम आहे.

तपासणी अवघड असती तर आम्ही गप्प बसलो असतो. पण ती पाच मिनिटांची आहे. कोपरभर खोलीवरून पाणी घ्यावे, नळी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी, औषध टाकावे आणि उजेडात रंग जुळवून पाहावा. ग्रामपंचायतीत जे ओटी वापरतात त्याने पिवळा रंग येतो. मोकळे क्लोरीन पाहायचे तर तो रंग पहिल्या काही सेकंदांतच पाहायचा. अर्धा चहा पिऊन पाहिले तर आकडा फुगलेला दिसतो. डीपीडी नावाच्या औषधाने गुलाबी रंग येतो आणि ते अधिक भरवशाचे आहे. ओटीचे द्रावण तर अंगाला लागू देऊ नये, कारण त्यातील द्रव्य कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. डीपीडीचीही एक खोड सांगून ठेवतो. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उडून जातो आणि पाण्यात काहीच नाही असे वाटते. शंका आली तर नमुन्यात चौपट शुद्ध पाणी मिसळून पुन्हा पाहावे आणि आलेला आकडा पाचाने गुणावा.

पोहण्याच्या पाण्यात मोकळे क्लोरीन 1 ते 3 पीपीएम आणि पीएच 7.2 ते 7.8 असावा. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे किमान 0.2 क्लोरीन उरले पाहिजे. पीएच कशाला पाहायचा, असे दुकानदार विचारतात. कारण पीएच 7.5 असताना सुमारे निम्मे क्लोरीन जंतू मारणाऱ्या रूपात असते आणि 8 वर गेला की जेमतेम पाव. ब्लिचिंग पावडर स्वतःच पीएच वाढवते. म्हणजे नुसती पावडर ओतत राहिलात तर तुमचाच माल तुमच्या मालाची ताकद खातो.

आता मालाचीच गोष्ट. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरीन असते. गोणी उघडी राहिली, ओल लागली, ऊन लागले की ते उडून जाते, पावडर तेवढीच पांढरी दिसते. 20 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 4 फूट पाण्याच्या हौदात साधारण 22,650 लिटर पाणी मावते. त्यात 2 पीपीएम क्लोरीन आणायला ताजी पावडर 137 ग्रॅम लागेल. ताकद 20 टक्क्यांवर उतरली असेल तर तिथेच 226 ग्रॅम. गिऱ्हाइकाला हा फरक कोण सांगणार? वजन बरोबर भरले म्हणून सौदा खरा झाला असे आम्ही मानत नाही. ज्या मालाचा गुण उडून गेला आहे, त्याचे माप पुरे भरूनही गिऱ्हाईक नागवले जातेच.

म्हणून आमचे म्हणणे असे की, जो व्यापारी पावडर विकतो त्याने त्याच फळीवर तपासणीची डबी ठेवावी आणि गोणीवरची तारीख गिऱ्हाइकाला दाखवावी. जो तलाव भाड्याने देतो त्याने सकाळ-संध्याकाळचे आकडे फळ्यावर लिहावेत. मशिदीत वजूचा हौज आहे तिथेही दहा जणांचे हात-तोंड एकाच पाण्यात जातात, विश्वस्तांनी हाच विचार करावा.

गावात माणसे मिळणार नाहीत, ही सबब चालणार नाही. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील 5 महिलांना संचाने पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. इंझोरीत काय किंवा शेजारच्या गावात काय, ज्या बहिणी हे शिकल्या त्यांना लॉनवाल्यांनी मोबदला देऊन बोलावले तर दोघांचेही भागेल.

कृषी केंद्रवाल्यांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ही पावडर युरियाच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. अ‍ॅसिडशी तिचा संबंध आला तर विषारी वायू सुटतो आणि तलावासाठी मिळणाऱ्या टीसीसीए गोळ्यांत ती मिसळली तर स्फोट होऊ शकतो. माप वेगळे, डबा वेगळा. पावडर पाण्यात टाकावी, पावडरवर पाणी ओतू नये. आणि डबी घेताना बाटलीवरची मुदत वाचून घ्यावी, मुदत संपलेल्या औषधाचा रंगही खोटाच येतो.