एक-दोन-तीन-चार किती दिवस?



२६ जानेवारी जवळ आली की कपाटातून लेझीमचा गठ्ठा बाहेर निघतो. कवायत आणि संचलनाची तालीम सुरू होते. मग मैदानावर दिवसभर एकच आवाज, "एक, दोन, तीन, चार! एक, दोन, तीन, चार!" आता त्याच्या जोडीला मोबाईलही आला आहे. त्यातली टिकटिक लाऊडस्पीकरला जोडली की ती पार रस्त्यापर्यंत ऐकू जाते. काही जण म्हणतात, कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत हे असंच चालू ठेवा, म्हणजे कोणी चुकणार नाही. मला हे पटत नाही. आकडे आणि टिकटिक शिकायला हवीत, पण वेळ आली की ती सोडली पाहिजेत. कारणं सांगते.

आधी आकड्यांची चांगली बाजू सांगितली पाहिजे. नवीन पोट्ट्याला लेझीम कधी उघडायची, कधी मिटायची आणि पाय कोणता पुढे, हे काहीच ठाऊक नसतं. त्याला आकडा धरून शिकवलं की लवकर समजतं. रेल्वेलाईनवर काम करणारी माणसं जड रूळ सरकवतात, तेव्हा एकजण हाक देतो आणि सगळे एकदम जोर लावतात. हाक नसेल तर दहा माणसांचं बळ दहा दिशांना जाईल. आपलं गाव जंक्शनचं आहे, त्यामुळे ही गोष्ट मोठ्या माणसांना वेगळी सांगायला नको. पण रूळ एकदा जागेवर बसला की हाक थांबते. आपली हाक मात्र थांबतच नाही.

आता टिकटिकीचं. या यंत्राला मेट्रोनोम म्हणतात. ते मोबाईलच्या फार आधीचं आहे. १८१५ साली माल्झेल नावाच्या गृहस्थांनी त्याचं पेटंट घेतलं. मूळ युक्ती मात्र आम्सटरडॅमच्या विंकेल यांची होती. लाकडी डब्यात एक उलटा लंबक असतो आणि त्याच्या दांडीवर एक वजन असतं. वजन वर सरकवलं की टिकटिक हळू होते, खाली आणलं की जलद होते. यंत्र थकत नाही आणि त्याला घाईही सुटत नाही. माणसाचं तसं नाही. आकडे म्हणणारा रंगात आला की त्याचे आकडे आपोआप पळू लागतात, आणि त्याच्यामागे सगळं पथक पळतं. तेव्हा आपली चाल पळाली का, हे तपासायला मेट्रोनोम फार चांगला. पण तपासणं वेगळं आणि त्याच्या आधारावर चालणं वेगळं. फूटपट्टीने रेघ मोजतात, पण रोजचं अक्षर काही कोणी फूटपट्टी धरून काढत नाही.

दुसरं कारण लेझीमचंच आहे. आपल्या एका प्रकाराचं नाव "चार आवाज" आहे, दुसऱ्याचं "आठ आवाज". नाव आवाजावरून पडलं, आकड्यांवरून नाही. म्हणजे लेझीम स्वतःच मोजते! तिच्या चकत्या वाजल्या की कितवा ठोका झाला ते कळतं. आपण वरून ओरडत राहिलो तर तिचा आवाज ऐकणार कोण? तोंड चालू असलं की कान बंद होतात, हे वर्गातही खरं आहे आणि मैदानावरही.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. ते मागच्या रांगेतल्या मुलांबद्दल आहे.

खाणीत ब्लास्टिंग होतं तेव्हा लांबून आधी धूळ उडालेली दिसते आणि धडाका नंतर ऐकू येतो. नदीवर कपडे धुणाऱ्या बाईचंही तसंच, हात खाली आलेला दिसतो आणि आपटल्याचा आवाज मागून येतो. कारण आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. उजेडाच्या मानाने हा वेग फारच कमी. आता हिशोब करा. ८० मुलं दोन-दोनच्या रांगेत, एकामागे एक मीटर सोडून उभी राहिली तर रांग सुमारे ४० मीटर लांब होते. लाऊडस्पीकर पुढे झेंड्याजवळ असतो. त्याची टिक शेवटच्या मुलाला सेकंदाच्या साधारण आठव्या भागाने उशिरा ऐकू येते. कवायतीच्या तेज चालीत मिनिटाला सुमारे १२० पावलं पडतात, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. तेव्हा मागचा मुलगा जवळपास पाव पाऊल मागे पडतो, आणि तोही अगदी कान देऊन ऐकत असला तरच!

एवढ्यावर संपत नाही. त्याच्या लेझीमचा आवाज पुढे बसलेल्या पाहुण्यांकडे जायलाही तेवढाच वेळ घेतो. दोन्ही उशीर मिळून जवळजवळ अर्धं पाऊल होतं. पुढच्यांची लेझीम आणि मागच्यांची लेझीम पाहुण्यांच्या कानात एकमेकींवर आदळते आणि भांडी पडल्यासारखं वाटतं. मग कुठल्याही गावचं मैदान असो, बोलणी कोणाला बसतात? मागच्यांना! "ते पहा, मागचे चुकले." जास्तच झालं तर त्यांना पथकातून बाहेर काढून बसवतात. मागे बहुधा लहान किंवा नव्याने शिकणारी मुलं असतात. त्यांनी सांगितलं तसंच केलेलं असतं. चूक लाऊडस्पीकर कुठे ठेवला यात असते आणि रडायची पाळी त्या पोरांवर येते. हा अन्याय आहे असं मला वाटतं.

याला उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. ढोल सर्वांच्या मागे उभा करा. मग ढोलाचा आवाज मागून पुढे येतो. मागची मुलं त्यावर खेळली आणि पुढची मुलं तो ऐकू येईल तशी खेळली, की सगळ्यांचे आवाज बरोबरच पाहुण्यांपर्यंत पोचतात. पायांत थोडा फरक राहतो, पण डोळा कानापेक्षा जास्त माफ करतो. मोठ्या बँडपथकांतही मागच्या ढोलांकडे कान ठेवायला शिकवतात. गावातून फेरी काढायची असेल तर ढोल मधोमध बरा, कारण तेव्हा बघणारे दोन्ही बाजूंना असतात.

गडचिरोलीकडे माडिया-गोंड लोकांचा रेला नाच असतो. मुली एकमेकींना धरून ओळ करतात, ढोल वाजतो, गाणं चालतं, आणि सगळ्यांची पावलं बरोबर पडतात. आकडे कोणीच म्हणत नाही. शेजारणीचा हात हलला की आपला पाय समजून घेतो. वारीच्या दिंडीतही टाळ-मृदंगावर पावली पडते. तिथे कोणी शिट्टी घेऊन उभं नसतं. कोणी म्हणेल, ती माणसं लहानपणापासून ओळीत वाढलेली असतात आणि आपल्याला तर तीनच आठवडे मिळतात. हे खरं आहे. म्हणून पहिल्या दिवशीच आकडे बंद करा असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं असं. पहिल्या आठवड्यात आकडे मोठ्याने म्हणावेत. दुसऱ्या आठवड्यात ते मनात म्हणावेत आणि बाहेर फक्त ढोल वाजावा. तिसऱ्या आठवड्यात रोज एक "मुकी फेरी" करावी. मेट्रोनोम लावायचा, मधेच सोळा ठोके त्याचा आवाज बंद करायचा, आपण खेळत राहायचं, आणि आवाज परत आला की आपण जागेवर आहोत का ते पाहायचं. असलो तर ताल आपल्या अंगात आला. नसलो तर उद्या पुन्हा करू. यात कोणा एकाला बोलणी नाहीत, सगळं पथक मिळून पास किंवा नापास.

२०१४ साली २६ जानेवारीला सांगलीत ७ हजारांहून जास्त जणांनी एकत्र लेझीम खेळून विक्रम केला. एवढी माणसं एकसाथ खेळू शकतात तर आपण ८० जण का नाही? शिवाय ऐन कार्यक्रमात लाईन गेली तर लाऊडस्पीकर मुका होईल. ढोल आणि आपले कान मात्र लाईनीवर चालत नाहीत.

पालकांना एक विनंती आहे. तालीम बघायला आलात की नेहमीसारखे पुढे खुर्चीवर बसू नका. एकदा शेवटच्या रांगेमागे उभे राहून ऐका. टिक कधी ऐकू येते आणि पुढच्यांचा पाय कधी पडतो ते स्वतः पहा. मग आपलं पोरगं चुकलं की नाही, ते सांगा.