गाडीचे दिवे आणि आपलं आठवं व्रत



आज लोणच्या-पापडाचं काही नाही. आज थोडं भांडायचं आहे, आणि भांडण घरातल्यांशीच आहे. माझ्याशीसुद्धा.

कार्तिकी पौर्णिमा झाली आणि आपल्या उपाश्रयातल्या साध्वीजींचा चातुर्मास पूर्ण झाला. विहार गुजरातकडे होता. पहिल्या दोन दिवसांच्या विहारसेवेत माझं नाव होतं. भाईंदरहून काशीमिरा, तिथून घोडबंदरला वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडायची आणि मग वसईच्या बाजूने हायवे. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो तेव्हा झुंजुमुंजू होत होतं. चार साध्वीजी, आम्ही तीन बायका, पुढे-मागे रेडियमची जॅकेटं घातलेली दोन मुलं. रस्त्याच्या कडेने एका ओळीत चाललो होतो.

समोरून एक गाडी आली. पांढरेशुभ्र, निळसर झाक असलेले दिवे. ते नुसते लागत नव्हते, डोळ्यांत घुसत होते. मी हात आडवा धरला. पुढच्या मुलाने टॉर्च हलवला, पण गाडीवाल्याने दिवे खाली केले नाहीत. नंतर कळलं की त्याने ते खालीच ठेवले असावेत, तरी असे येत होते. ते पुढे सांगते. गाडी गेली आणि पाच-सहा सेकंद डोळ्यांपुढे नुसता काळोख. तेवढ्यात धाकट्या साध्वीजींचा पाय डांबराच्या तुटलेल्या कडेवरून घसरला आणि त्या पडल्या. घोटा सुजून टम्म झाला. पुढचा विहार व्हीलचेअरवर, आणि अकरा दिवस एकाच ठिकाणी मुक्काम.

त्यांनी उठून पहिला प्रश्न काय विचारावा? "गाडीवाल्याला काही झालं नाही ना?"

त्या गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'जय जिनेंद्र' लिहिलेलं होतं. मी स्वतः वाचलं.

घरी आले तेव्हा रागाने फणफणत होते. लिफ्टपाशी जाताना आमच्या पार्किंगमधून गेले आणि आमचीच गाडी समोर दिसली. तेच दिवे. त्यांचे पैसे मीच दिले होते.

झालं असं की, दिवाळीआधी आमच्या धाकट्याने दिवे बदलायचं मनावर घेतलं. वय बावीस, मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं येतं असा समज. आधी हेडलाइटची काच उघडून आतली चंदेरी पट्टी काळी रंगवायची होती. ती काच काळ्या चिकट लांबीने बसवलेली असते, ती गरम केली की सुटते म्हणे. त्यासाठी माझा ओव्हन मागत होता. ज्यात मी नानकटाई भाजते, तो! मी नाही म्हटलं. नाहीतरी हेडलाइट त्यात मावलाच नसता. मग तिघा मित्रांनी मिळून पार्किंगमध्ये हेअर ड्रायरने दोन तास शेक दिला. काच निघाली, रंग लागला, परत चिकटवली. आणि त्यात जुना बल्ब काढून एलईडीचा संच बसवला. साडेतीन हजार रुपये. "मम्मी, रात्री रस्ता एकदम दिवसासारखा दिसतो," म्हणाला. मी म्हटलं, बरं झालं, पोरगं सुखरूप घरी येईल. आणि घरखर्चातून पैसे काढून दिले.

आता त्यामागचं तंत्र. आपल्या शेजारच्या गॅरेजवाल्या दादांनी मला जुना बल्ब हातात देऊन समजावलं, तसंच सांगते.

बऱ्याच गाड्यांमध्ये एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. अप्पर ६० वॅट, डिपर ५५ वॅट. डिपरच्या तारेखाली धातूची नखाएवढी वाटी असते. तिच्यामुळे उजेड फक्त वरच्या अर्ध्या आरशावर पडतो आणि तिथून परतून खाली रस्त्यावर जातो. समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. म्हणजे दिवा बनवणाऱ्याने समोरून येणाऱ्याचा विचार त्या वाटीत घालून ठेवला आहे.

एलईडीचा संच त्याच भोकात बसतो, पण त्याचा उजेड निघतो ती जागा आणि तिचा आकार वेगळा. आरसा मात्र जुन्याच तारेसाठी घडवलेला. मग उजेड वाटेल तिकडे उडतो. डिपर लावला तरी समोरच्याला अप्परसारखाच लागतो. म्हणून म्हटलं, त्या गाडीवाल्याने दिवे खालीच ठेवले असतील. त्याला कळतच नाही, कारण तो दिव्याच्या मागे बसलेला असतो.

काही जण एलईडी न लावता १०० आणि ९० वॅटचे हॅलोजन बल्ब लावतात. मूळ वायरिंग एवढ्या भारासाठी नसते. रिले न घालता लावले तर तारा तापतात, होल्डर वितळतो, आरशाचा मुलामा जळतो. आणि घरी उघडलेल्या काचेचं काय? आमचा डावा दिवा पहिल्याच अवकाळी सरीत आतून घामेजला. पाण्याचे थेंब आत, उजेड सगळीकडे फुटलेला. साडेतीन हजार आपण दिले आणि कंपनीने नीट बसवून दिलेला दिवा बिघडवून घेतला.

आता आपल्या धर्माकडे येऊ, कारण माझं खरं भांडण तिथेच आहे.

श्रावकाची बारा व्रतं पाठशाळेत आपण घोकली. आठवं कोणतं? अनर्थदंड-विरमण. संसारात राहायचं तर काही हिंसा टळत नाही. स्वयंपाक करावाच लागतो, गाडी चालवावीच लागते, रात्री दिवा लावावाच लागतो. तो अर्थदंड. पण ज्याची काही गरज नाही, ज्याच्यावाचून काही अडत नाही, त्यासाठी दुसऱ्या जीवाला पीडा देणं हा अनर्थदंड. त्याचे चार प्रकार शिकवले होते: अपध्यान, प्रमादाचरण, हिंसाप्रदान आणि पापोपदेश. गाडीचा चांगला चालणारा दिवा काढून समोरच्याला आंधळं करणारा दिवा लावणं हे सरळ प्रमादाचरण आहे. मित्राला "तूही लाव, मस्त दिसतो" म्हणणं पापोपदेशाच्या जवळ जातं. आणि त्यासाठी घरखर्चातून पैसे काढून देणं? करणं, करवणं आणि अनुमोदणं, तिन्हींचा हिशेब होतो हे आपणच मुलांना सांगतो ना? मग मी करवलं. अनुमोदलंसुद्धा.

आपण रात्रीभोजन का टाळतो? दिव्यावर येणारे बारीक जीव ताटात पडू नयेत म्हणून, हे एक कारण आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. त्या जीवांना पिवळ्या उजेडापेक्षा पांढरा-निळा उजेड जास्त ओढतो. पावसाळ्यात असे दिवे लावलेल्या गाडीचं बोनेट सकाळी बघा एकदा. घरात पाणी गाळून पिणारे आपण, आणि पार्किंगमध्ये ही जयणा!

आणि साध्वीजींची जयणा बघा. इर्यासमिती म्हणजे पुढची साडेतीन-चार हात जमीन डोळ्यांनी शोधत पाऊल टाकायचं, पायाखाली मुंगीही येऊ नये म्हणून. ज्यांचं सगळं चालणं डोळ्यांवर आहे, त्यांचे डोळे आपण फोडतो आहोत.

विहारात अपघात झाला की आपण काय करतो? गुणानुवाद सभा, मेणबत्त्या, निवेदनं. नोव्हेंबर २००९ मध्ये जंबूविजयजी महाराजसाहेब राजस्थानात विहारात असताना रस्ते-अपघातात गेले. तिबेटीसुद्धा जाणणारे, आगमांचं संशोधित संपादन करणारे, जैसलमेरच्या ज्ञानभांडारातल्या पोथ्यांवर अपार मेहनत घेणारे विद्वान. सगळा समाज हळहळला. त्या अपघाताचा दोष मी दिव्यांवर टाकत नाही. पण तेव्हापासून दरवर्षी आपण सरकारकडे विहारासाठी वेगळी पायवाट मागतो, आणि ती मागायला जाताना आपल्याच गाडीचे दिवे समोरच्या पायी चालणाऱ्याला आंधळं करत जातात. मागणी खोटी नाही. पण आधी पार्किंगमध्ये जाऊन यावं.

हे बोलले की घरोघरी चार उत्तरं मिळतात. मलाही मिळाली.

पहिलं, "रस्ते अंधारे आहेत, कंपनीचा दिवा पुरत नाही." बहुतेक वेळा दिवा कमी नसतो, काच पिवळी पडलेली असते. ती पॉलिश करून घ्या. दिव्याची दिशा तपासून घ्या. चांगल्या कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा नवा बल्ब घ्या, जुना झालेला बल्ब मंद होतोच. एवढ्याने भागलं नाही तर वेग कमी करा. तो फुकट आहे.

दुसरं, "सगळेच लावतात, समोरच्याचा उजेड मारतो म्हणून आम्हीही." म्हणजे तो मला आंधळा करतो म्हणून मी तिसऱ्याला करणार. वैराने वैर वाढतं हे व्याख्यानात ऐकून माना डोलावणारे आपणच.

तिसरं, "आमची गाडी कंपनीतूनच एलईडी आली आहे." मग माझं तुमच्याशी भांडण नाही. तिथे आरसा आणि भिंग त्याच दिव्यासाठी बनवलेलं असतं. फक्त गावात अप्पर लावून फिरू नका. आणि डिकीत सामान किंवा मागे माणसं भरली की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा दिवे खाली करायचं बटण स्टिअरिंगजवळ असेल तर ते वापरा. बऱ्याच गाड्यांत ते शून्यावरच वर्षानुवर्षं पडून असतं.

चौथं उत्तर सगळ्यांत जास्त लागलं. "साध्वीजींनी एवढ्या लवकर निघूच नये." मैत्रिणींनो, त्यांना पुढच्या मुक्कामाला ऊन आणि ट्रकांची गर्दी वाढायच्या आत पोहोचायचं असतं, अनवाणी पायांनी. आणि समजा त्या निघाल्याच नाहीत, तरी त्या वेळी रस्त्यावर दूधवाला असतो, पेपर टाकणारा मुलगा असतो, रात्रपाळीचा वॉचमन सायकलवर घरी चाललेला असतो. आपल्या सासूबाई असतात, मोतीबिंदूचे डोळे घेऊन पहाटे पूजेला निघालेल्या. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांत समोरचा उजेड कसा पसरतो ते त्यांनाच विचारा. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "रस्ता ओलांडताना मी गाडी बघत नाही, आवाज ऐकते." मी हे आजवर कधी विचारलंच नव्हतं.

ज्यांना धर्म पटत नाही त्यांच्यासाठी कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत आहे त्याहून वेगळा असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीत मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मालकाला, हे लक्षात घ्या. आमची गाडी ह्यांच्या नावावर आहे, उद्योग मुलाचा.

आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम तर मला फार आवडला. दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. किती? तर दिव्यापुढे ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो दिपता कामा नये. दीड मीटर म्हणजे पाच फुटांच्या जरा खाली. म्हणजे साधारण तुमचे-माझे डोळे. कायद्याने गाडीसमोर जणू आपल्यासारख्या बाईलाच उभं करून दिवा तपासला आहे.

तेच मी केलं. रात्री मुलाला गाडीत बसवलं, दिवे डिपरवर लावायला सांगितले आणि पार्किंगमध्ये सव्वीस पावलं, पावलाला पाऊल जोडून मोजून, समोर उभी राहिले. मग त्याला तिथे थोडं वाकवून, माझ्या उंचीवर उभं केलं आणि मी आत बसले. डोळे चोळत बाहेर आला. वाद तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः संच काढला आणि जुना बल्ब बसवला. डावा दिवा मात्र पाणी शिरून गेलाच होता, तो नवा घ्यावा लागला. ते पैसे मी दिले नाहीत, त्याच्या पगारातून गेले.

या रविवारी तुम्हीही एवढं करा. गाडी भिंतीसमोर अगदी जवळ उभी करा, दिव्याच्या मध्याच्या उंचीवर भिंतीला खडूने खूण करा. मग गाडी साधारण २५ फूट मागे घ्या आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड खुणेच्या जरा खाली आली पाहिजे. वर जात असेल, किंवा कडच दिसत नसेल आणि सगळी भिंत उजळत असेल, तर गॅरेजमध्ये न्या. आणि घरातल्या मुलाने दिवे बदलायला पैसे मागितले तर देऊ नका. एवढं तर आपल्या हातात आहे.

गेल्या आठवड्यात साध्वीजींना वंदन करायला गेले. घोटा बरा आहे, विहार पुन्हा सुरू होतो आहे. आमच्या गाडीचं त्यांना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "एक दिवा कमी झाला, तेवढी शाता झाली." मला मात्र आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या अजून अकरा गाड्या माहीत आहेत. त्यांच्या घरी मी एकेक करून जाणार आहे. कुणाला राग आला तर आधीच मिच्छामि दुक्कडं.