माशांच्या टाकीतील खताचा जमाखर्च

काचेच्या टाकीत माशांबरोबर खऱ्या पाणवनस्पती लावण्याची हौस आता दोन खोल्यांच्या घरांतही दिसू लागली आहे. मुले हौसेने व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणतात. काही महिने त्या छान डोलतात, मग पाने पिवळी पडून विरघळू लागतात. दुकानदार लगेच खताची छोटी बाटली पुढे करतो. त्या बाटलीत बहुतांश पाणीच असते, हे मात्र पगारातून पैसे मोजणाऱ्याला कोणी सांगत नाही.

पाणवनस्पतीची मुख्य भूक शेतातल्या पिकासारखीच: नत्र, स्फुरद, पालाश. माशांच्या विष्ठेतून पहिली दोन थोडीफार मिळतात, पालाश बहुधा कमी पडते. जुनी पाने सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. त्यांना टाचणीएवढी भोके पडली तर पालाश कमी. नवे पान फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह कमी, असे समजावे.

मग गावाहून आणलेला युरिया चिमूटभर टाकला तर? मुळीच टाकू नये! आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाने तेच केले आणि दोन दिवसांत सारे गप्पी मासे पाण्यावर तरंगू लागले. युरियापासून पाण्यात अमोनिया होतो व तो माशांना विषारी आहे. १९:१९:१९ हे खतही याच कारणाने वर्ज्य, त्यातही युरिया व अमोनियाच्या रूपातला नत्र असतो.

चालते ते १३:००:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आपला सोरा. आणि ००:५२:३४, म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. द्राक्षबागांना ठिबकमधून देतात तीच ही खते, कृषी सेवा केंद्रात मिळतात. सोरा फटाक्याच्या दारूतही वापरतात, तेव्हा तो चुलीपासून व लहान मुलांपासून दूर ठेवावा.

अर्धा लिटर पाण्यात २० ग्रॅम सोरा व २ ग्रॅम फॉस्फेट विरघळवावे. २ ग्रॅम सोनाराच्या काट्यावर तोलून घेतलेले बरे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत वाळू व वरची रिकामी जागा वजा जाता ४५ ते ५० लिटर पाणी असते. तिला या द्रावणाचे १० मिलिलिटर आठवड्यातून एकदा पुरे. त्यातून लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम नायट्रेट मिळते, आणि बाटली ५० आठवडे चालते. लोहाचे खत वेगळ्या बाटलीत ठेवावे. स्फुरदाबरोबर मिसळले की साका बसतो.

आता खरा प्रश्न हिशेबाचा. दर आठवड्याला ५ जमा होत राहिले तर शिल्लक किती वाढेल? झाडांनी कणभरही खाल्ले नाही असे धरू. दर रविवारी निम्मे पाणी बदलून मग खत घातले तर शिल्लक ५, मग साडेसात, मग पावणेनऊ अशी चढते. १० च्या पुढे कधीच जात नाही. चौथाई पाणी बदलले तर मर्यादा २०. एक दशांशच बदलले तर ५०, म्हणजे माशांच्या दृष्टीने जास्तच! माशांचे स्वतःचे नायट्रेट यात धरलेलेच नाही. खत टाकणे सोपे, बादल्या उचलणे जिवावर येते. पण मासे जगतात ते बादल्यांमुळे. टॉम बार या अमेरिकन गृहस्थांची ‘एस्टिमेटिव्ह इंडेक्स’ पद्धत याच गणितावर उभी आहे. ते खत आठवड्यातून अनेकदा देतात, पण ते प्रखर दिवे व कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या टाक्यांना. आपल्या साध्या टाकीला ते प्रमाण नको.

महिनोन्महिने पाणी न बदललेल्या टाकीत मात्र एकदम निम्मे बदलू नये, माशांना धक्का बसतो. थोडे थोडे वाढवत जावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून दुकानात ‘हायपो’ नावाने मिळणारे खडे पुडीवरील प्रमाणात वापरावेत.

खत सुरू केल्यावर काचेवर शेवाळ आले तर खताला दोष देण्याआधी दिव्याचे तास मोजावेत. आठ तास पुष्कळ झाले. आपल्याकडे तो रात्री बातम्या संपेपर्यंत जळत असतो.